काटासाहेबांचा सूर्यस्फोट

वजनमापे खात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावं? सकाळी फिरावं, कुंड्यांना पाणी घालावं, फारच हुक्की आली तर शेजाऱ्यांच्या भांडणात पंच व्हावं. काटासाहेबांनी सूर्य तपासायला घेतला. बाजारातले सगळे तराजू तपासून झाले, आता तोच एक उरला होता, असं त्यांची बायको म्हणायची.

काटासाहेब हे नाव बाजाराने ठेवलेलं. नोकरीत असताना ते पत्र्याची पेटी घेऊन दुकानाच्या पायरीवर दिसले की आतल्या माणसाच्या घशाला कोरड पडायची. पेटीत खात्याची पितळी प्रमाण वजनं, मखमलीच्या खोबणीत बसवलेली. ती एका पारड्यात, दुकानदाराचं वजन दुसऱ्यात आणि साहेबांची नजर काट्यावर. दुकानदाराने चहा मागवायला हाक मारली की साहेब म्हणत, "चहा नको. चहाने काटा हलतो." जे वजन खरं त्यावर शिक्का, जे खोटं ते जप्त. खोट्या मापावर आपला शिक्का कधी बसला नाही, हे ते जेवताना, दाढी करताना आणि झोपेत कूस बदलतानाही ऐकवत. घरच्यांच्या कानांना त्याचे घट्टे पडले होते, पण गोष्ट खरी होती. साऱ्या बाजाराचा त्यांच्या शब्दावर भरवसा होता आणि त्या एका भरवशावर हा माणूस निवृत्तीतही मान ताठ ठेवून चालत होता.

सूर्याचा नाद लागला तो वाचनालयाच्या माडीवर. तिथे दर पंधरवड्याला सूर्यश्रवण मंडळ भरत असे. अध्यक्ष म्हणजे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या उजव्या हाताला चष्म्याच्या दुकानाचे मालक, डाव्या हाताला भूमिती शिकवणाऱ्या बाई आणि मागे चहा येईपर्यंत बसणारे काही जण. मंडळाचं शास्त्र साधं होतं. सूर्यावर भडका उडाला की प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही सुटतात. गच्चीवर अँटेना उभारायची, तिची वायर अंगठ्याएवढ्या रिसीव्हरला आणि रिसीव्हर कॉम्प्युटरला जोडायचा. पडद्यावर दिवसभर निळं चित्र सरकत राहतं. भडका उडाला की त्या निळ्यात पिवळी रेघ उमटते आणि ती तिरपी असते, वरच्या फ्रीक्वेन्सीकडून खालच्या फ्रीक्वेन्सीकडे उतरत जाते. मिक्सर, लिफ्ट, पाण्याचा पंप यांचा गोंगाटही पडद्यावर येतो, पण तो सरळ उभा नाहीतर आडवा. थोडक्यात, तिरपं ते सूर्याचं आणि सरळ ते शेजाऱ्याचं.

आणि एकट्याच्या म्हणण्याला मंडळात किंमत नव्हती. एकाने स्फोट नोंदवला की निदान दोन सभासदांनी तो आपल्याही घरी दिसल्याचा दुजोरा द्यायचा, तरच त्यावर शिक्कामोर्तब. हे ऐकून काटासाहेब बसल्या जागी सुखावले. शिक्का हा शब्द कानावर पडून बरेच दिवस झाले होते.

अँटेना गच्चीवर चढली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, कपडे वाळत घालायची चांगली सोय झाली. त्यांनी लगोलग ओली चादर टाकली आणि पहिला आठवडाभर साहेब सूर्य किती शांत आहे याचं कौतुक करत बसले. चादर निघाल्यावर रेघा दिसू लागल्या. साहेब त्या मंडळाकडे नेत आणि मंडळ त्या परत पाठवत असे. एक निघाली तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. एक लिफ्टची. एक अशा गृहस्थांच्या टीव्हीची, जे रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातात असं त्यांच्या बायकोसकट सगळी इमारत समजत होती.

हे कळायचं कारण साहेबांची तपासणी. पडद्यावर काही उमटलं की ते जिने चढत-उतरत दार दार वाजवत. "मघाशी काय चालू केलंत?" एवढंच विचारत, पण विचारण्यात खात्याचा जुना दरारा असा की लोक न विचारलेलंही सांगून टाकत. पुढे पुढे साहेब जिन्यात दिसले की घराघरांतून बटणं बंद केल्याचे आवाज यायचे. पूर्वी बाजारात वजनं लपवायचे, आता इमारतीत मिक्सर लपवू लागले.

स्वतःच्या घराचा तर प्रश्नच नव्हता. ऊन पडल्यापासून ऊन उतरेपर्यंत घरात मिक्सर नाही, इस्त्री नाही, केस वाळवायचं यंत्र नाही. या वेळेला साहेब 'उन्हाचे तास' म्हणत आणि बायको 'संचारबंदी' म्हणायची. सूर्य मावळला की साहेब कॉम्प्युटर बंद करून मोठ्या मनाने जाहीर करत, "आता लावा काय लावायचं ते." मग सगळं एकदम सुरू व्हायचं आणि घर गिरणीसारखं घरघरायचं. ते घरघरणं पडद्यावर कसं दिसतं हे साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा पडदा बंद असे. खात्यात असतानाही दुकानदारांची वजनं ते तपासत, पण पेटीतलं प्रमाण वजन कोण तपासणार? ते खरंच असतं. तसं त्यांचं घर.

या सगळ्यात हाल झाले ते सासूबाईंचे. त्या लेकीकडेच राहायच्या. जीभ शाबूत, कान तल्लख, फक्त गुडघ्यांनी दावा मांडलेला. विजेवर तापणारा शेकायचा पट्टा जावयानेच हौसेने आणून दिला होता. तो गुडघ्यांवर बांधला की बाईंना घटकाभर माणसात आल्यासारखं वाटायचं. पण उन्हाच्या तासांत पट्टा बंद.

"आई, सूर्य मावळला की लावा. तोवर जरा कळ काढा," जावई अगदी नम्रपणे म्हणत.

"कळच काढतेय," सासूबाई म्हणत. "तेवढं सूर्याला सांगा, हल्ली फार रेंगाळतो."

आणि एका दुपारी ती रेघ उमटली. साहेब पडद्यासमोर पेंगत होते. डोळे उघडले तर निळ्यात पिवळी धमक तिरपी रेघ, सावकाश, डौलात उतरत चाललेली, आणि तिच्या खाली तशीच दुसरी. मोठा स्फोट असला की अशी जोडरेघ येते, असं अध्यक्षांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. साहेब पडद्याला नाक लावून बसले. रेघ विरली तसे ते पायात चप्पल न घालता बाहेर पडले आणि त्यांनी सारी इमारत पालथी घातली. दातांचे डॉक्टर गावाला गेलेले. टीव्हीवाले गृहस्थ आता खरोखर ऑफिसला जाऊ लागलेले. लिफ्ट बंद, पंप बंद. प्रत्येक घर साफ निघालं.

साहेबांनी अध्यक्षांना फोन केला. शब्द खात्याचे होते. "सगळी तपासणी केली आहे. हा खरा आहे. मी जबाबदारीने सांगतो."

पुढच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "मलाही दिसला." चष्मेवाले म्हणाले, "माझ्याकडे तर फार स्पष्ट आला." भूमितीच्या बाई म्हणाल्या, "माझा जरा फिकट होता, पण तोच." मागच्या रांगेतून दोघांचे हात वर गेले, त्यांच्याकडे अँटेना नव्हती, पण उत्साह होता. एका मोठ्या वेधशाळेची त्या दिवसाची यादी कोणीतरी काढली. तिच्यात असा स्फोटच नव्हता. अध्यक्षांनी हात झटकले. "मोठ्यांचं लक्ष मोठ्या गोष्टींकडे. बारीक माल त्यांच्या नजरेतून सुटतो." ठरलं असं की त्या रेघेची तसबीर करून माडीवरच्या भिंतीवर लावायची, साहेबांचा सत्कार करायचा आणि यापुढे मंडळाचे दुजोराप्रमुख तेच.

त्या दिवशी साहेब घरी आले ते दोन इंच वाढूनच. जेवताना म्हणाले, "शेवटी सूर्यालासुद्धा माझा शिक्का लागला." सासूबाईंच्या हातातला घास तोंडाशी थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने ताटाकडे पाहिलं आणि दोघी मूग गिळून बसल्या.

सत्काराच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तसबिरीसाठी चित्र नीट कापून, रंग उठावदार करून द्यायचं होतं. त्या नादात ऊन कधी उतरलं ते साहेबांना कळलं नाही. दिवे लागले तरी कॉम्प्युटर चालूच, रिसीव्हर चालूच. आणि पडद्याच्या कडेला निळ्यात एक पिवळी रेघ उगवली. तिरपी, सावकाश, डौलात उतरणारी, खाली तशीच दुसरी.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मिट्ट काळोख. सूर्य नव्हता आणि सूर्याचा स्फोट मात्र चालू होता. ते जागेवरून उठले, पण या वेळी जिन्याकडे गेले नाहीत. पाय आपोआप घराच्या आतल्या बाजूला वळले. आतल्या खोलीत सासूबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांवर पट्टा, भिंतीशी पट्ट्याचा काळा अडॅप्टर.

साहेबांनी अडॅप्टर काढला, बाहेर जाऊन पाहिलं, रेघ तुटली होती. गार होईपर्यंत थांबले, परत लावला, परत तीच रेघ. गार असताना अडॅप्टर वरचा सूर धरत होता आणि तापत जाईल तसा खाली घसरत होता. तिसऱ्यांदा ते खोलीत आले तेव्हा सासूबाईच बोलल्या.

"त्या दुपारी मीच लावला होता. सहन होईना म्हणून. म्हटलं, घटकाभर लावून काढून टाकू, कळायचं नाही."

"मला का सांगितलं नाही?"

"सांगणार होते. तर तुम्ही अनवाणी इमारतभर पळताय. परत आलात ते तोंडभर हसत. इतक्या वर्षांत मी तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं."

बायको दारात येऊन उभी होती. "आईने मला त्याच दिवशी सांगितलं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, राहू दे. एका रेघेने कुणाचं काय जातंय?"

काय जातंय ते साहेबांनाच ठाऊक होतं. साऱ्या जन्मात जे झालं नव्हतं ते झालं होतं, खोट्या मापावर त्यांचा शिक्का बसला होता आणि उद्या ते माप भिंतीवर टांगलं जाणार होतं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. त्याहूनही जास्त एक प्रश्न त्यांना छळू लागला. सासूबाईंचे गुडघे त्यांच्या घरात. मग अध्यक्षांना, चष्मेवाल्यांना आणि भूमितीच्या बाईंना दिसलं ते काय?

दुसऱ्या दिवशी पट्टा पिशवीत घालून ते माडीवर गेले. "दिवे लागायच्या आत परत आणा," एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या. माडीवर तसबीर लागली होती, हार तयार होता. साहेबांनी हाराकडे पाहिलं नाही. मंडळाचा रिसीव्हर चालू केला, पट्टा टेबलावर पसरला आणि अडॅप्टर लावला. सगळे पडदा बघत राहिले. रेघ उमटली आणि उतरू लागली. भूमितीच्या बाईंनी सवयीने पर्समधून कोनमापक काढला, पडद्याला लावला, मग भिंतीवरच्या तसबिरीला लावला आणि हळूच म्हणाल्या, "कोन सारखाच आहे."

साहेबांनी अडॅप्टर काढून घेतला.

"हा स्फोट माझ्या सासूबाईंचा आहे," साहेब म्हणाले. "आता मला सांगा, तुम्हाला काय दिसलं होतं?"

बाई म्हणाल्या, त्यांच्या पडद्यावर काहीतरी पिवळट होतं, ते तिरपं असावं असं वाटलं. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. "खरं सांगायचं तर माझा रिसीव्हर तेव्हा दुरुस्तीला होता."

"अहो, मग स्पष्ट आला म्हणालात ते?"

"अध्यक्षांनी आधी दुजोरा दिला होता ना. त्यांच्यापुढे फिकट कसं म्हणायचं?"

साहेब अध्यक्षांकडे वळले. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "माझ्या अँटेनाची दिशा वाऱ्याने किंचित बदलली होती."

"किती?"

"जमिनीकडे होती."

अध्यक्ष एकदम मोकळेपणाने म्हणाले, "काटासाहेब, तुम्ही जबाबदारीने सांगतो म्हणालात. तुम्ही. ज्यांनी बाजारात कधी रतीभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. तुमच्या शब्दापुढे आम्ही आमचे पडदे कशाला बघत बसू?"

हे बोलणं गौरवाचं होतं, पण साहेबांना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. त्यांच्या खरेपणाच्या जिवावरच हे खोटं तरलं होतं. ते म्हणाले, "ठीक आहे. हा स्फोट रद्द करा. तसबीर उतरवा."

यावर मात्र अध्यक्षांमधला प्राध्यापक जागा झाला. "रद्द करायलासुद्धा नियम आहे. एकट्याच्या म्हणण्याला मंडळात किंमत नाही. रद्द करायचा तर दोन दुजोरे लागतील. शिवाय, त्या दिवशी पट्टा आणि सूर्य दोन्ही एकदम चालू असण्याची शक्यता शास्त्र नाकारत नाही." त्यांनी सभेकडे पाहिलं. "रद्द करण्याला कोणाचा दुजोरा?"

स्फोटाच्या वेळी मागच्या रांगेतूनही हात वर आले होते. आता सगळ्यांना आपापल्या चपला आठवल्या. तसबीर भिंतीवर राहिली. हार वाया जाऊ नये म्हणून तो चष्मेवाल्यांच्या गळ्यात पडला आणि दुजोराप्रमुख ते झाले. साहेब पट्टा गुंडाळून दिवे लागायच्या आत घरी आले. "झालं का?" बायकोने विचारलं. "झालं," ते म्हणाले आणि पट्टा त्यांनी स्वतः सासूबाईंच्या गुडघ्यांना बांधला. तसा त्यांनी तो त्याआधी कधीच बांधला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून संचारबंदी उठली. दुपारी गुडघे जास्त दुखतात, तर दुपारीच पट्टा लागायचा आणि तेवढा वेळ साहेब रिसीव्हर बंद ठेवायचे. सासूबाईंना आधी ते पटेना. "उगाच कशाला माझ्यासाठी सूर्य अडवता?" म्हणाल्या. मग सवय झाली. साहेब त्या वेळात समोरच्या खुर्चीवर बसून पेपर वाचून दाखवायचे आणि सासूबाई प्रत्येक बातमीत खोड काढायच्या.

असेच दिवस गेले आणि एका दुपारी फोन वाजला. पलीकडे अध्यक्ष, श्वास लागलेला. सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता. या खेपेला वेधशाळेच्या यादीत तो अगदी वरच होता, चारही दिशांच्या केंद्रांनी नोंदवलेला. अध्यक्षांची अँटेना आता आकाशाकडे होती, चष्मेवाल्यांचा रिसीव्हर दुरुस्त होऊन आला होता, बाईंनी कोन मोजून ठेवला होता.

"फक्त तुमचा दुजोरा राहिलाय," अध्यक्ष म्हणाले. "हो म्हणा, म्हणजे सगळ्या मंडळाची एकमुखी नोंद होईल. आणि मागचं ते सगळं पुसलं जाईल. तुमचं नाव यादीत पहिलं घालतो."

साहेबांनी बंद पडद्याकडे पाहिलं. ज्याची इतकी वाट पाहिली तो स्फोट नुकताच त्यांच्या छपरावरून गेला होता. तो खरा होता, साऱ्या जगाने पाहिलेला होता. हो म्हटल्याने कोणाचं वाकडं होणार नव्हतं आणि खोटं आहे असं म्हणायला कोणी येणार नव्हतं.

"मला नाही दिसला," ते म्हणाले. "माझा रिसीव्हर बंद होता. सासूबाई गुडघे शेकत होत्या."

"अहो, पण तो झालाय. खरा आहे तो."

"खरा असेल. माझ्या पारड्यात पडला नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

आतल्या खोलीतून पट्टा सोडल्याचा आवाज आला. सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या. कान तल्लख होतेच, दोन्हीकडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"मला सांगायचं होतंत. मी काढला असता."

"स्फोट सांगून थोडाच येतो आई. आणि दुखत होतं ना?"

"दुखत होतं."

"मग झालं तर."

सासूबाई दार सोडून खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "ती आधीची, माझी रेघ. ती अजून भिंतीवरच आहे का?"

साहेबांनी हे घरात सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. "आहे. रद्द करायला दोन दुजोरे लागतात. एकही मिळाला नाही."

"एक माझा लिहा," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही मंडळाच्या सभासद नाही, आई."

"स्फोट केला तेव्हा मला कोणी विचारलं होतं का, सभासद आहे का म्हणून? लिहा. पट्टा मी लावला होता, माझ्याहून चांगला दुजोरा तुम्हाला कुठे मिळणार आहे?"

स्वयंपाकघरात मिक्सर थांबला. "आणि दुसरा माझा," बायको आतून म्हणाली आणि मिक्सर परत सुरू झाला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पण लगेच घातला नाही. मग ते मंडळाला पत्र लिहायला बसले.